चाळिसावा फोटो

"मग सांगा ना चाचा, रोलचा नेऊ की डिजिटल?"

ऋजुताने तिसऱ्यांदा विचारलं. उद्या ती हिमालयात, स्पीतीला निघणार होती. दोन महिने पायी, पाठीवर जेमतेम सामान. त्यात एकच कॅमेरा मावणार होता. आणि त्या वाटेने पुन्हा कधी जाणं होईल, याची खात्री नव्हती.

हसनचाचा परकारांनी कॅमेरा खांद्याला अडकवून अख्खा देश पालथा घातला होता. त्यांच्या एका फोटोपायी ऋजुताने इंजिनिअरिंग सोडलं होतं. त्यांना विचारायला ती पुण्याहून कोकणात, आचऱ्याला आली, आणि हा माणूस उजाडल्यापासून नुसता चहा पीत होता!

"दोन्ही आणलेत ना?" चाचा उठले. "चल किनाऱ्यावर."

सकाळी डिजिटल. होड्या लागल्या, मासळीचा लिलाव रंगला. ऋजुता एकदा बोट दाबायची, सहा फोटो निघायचे. की लगेच मान खाली, नजर पडद्यावर. जेवणापर्यंत सहाशे झाले.

चाचांनी सगळे पाहिले.

"कसे आहेत?"

"बरे आहेत."

बरे! सहाशे फोटोंना दोन अक्षरं!

दुपारी रोलचा. रोल भरून द्यायला चाचांनी हात पुढे केला.

"मला येतं. व्हिडिओ बघितलाय मी."

"हां... मग काय प्रश्नच नाही."

किनाऱ्यावर रापण ओढत होते. समुद्रात दूरवर टाकलेलं अवाढव्य जाळं, त्याचे दोन दोर, आणि दोरांना लटकलेलं अर्धं गाव.

रोलमध्ये छत्तीसच फोटो होते. ऋजुता थांबायला लागली. एका म्हातारीसमोर ती अर्धा तास वाळूत बसून राहिली. म्हातारीने टाच रोवली, ओठ घट्ट मिटले, दोर कमरेशी आणला... तेव्हा कुठे तिने एकदा, एकदाच, कळ दाबली.

"गे चेडवा, फोटो कसले काढतंस? दोर धर!" म्हातारी ओरडली.

ऋजुताने धरला. तळवे सोलवटून निघाले. म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. तो फोटो तिने सोलवटल्या हातांनी काढला.

जाळं वाळूवर आलं तेव्हा छत्तिसावा झाला. तिने सवयीने रोल सरकवायचा खटका ओढला. रोल संपल्यावर तो अडायला हवा होता; तो ओढला गेला. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस...



सावलीत जाऊन तिने मागचं झाकण उघडलं. रोलचं टोक चक्रात अडकलंच नव्हतं. रोल होता तिथेच होता. म्हातारी नाही, दोर नाही, ते हसू नाही.

"रोल सरकत असला, तर दर फोटोला ही डावीकडची चकती फिरते," चाचा जवळ येऊन म्हणाले.

"म्हणजे... तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या फोटोपासून."

ऋजुता उसळली. "आणि चकार शब्द काढला नाहीत? अख्खी दुपार पाण्यात गेली माझी! तुमच्यासारखं व्हायचं म्हणून घरच्यांशी भांडले मी, चाचा. आणि तुम्ही मजा बघत बसलात?"

"मजाच बघत होतो."

एक लाट आली, गेली... तिचा आवाज उतरला.

"निदान आता तरी सांगा. कोणता नेऊ?"

चाचा वाळूत बसले. दोन्ही कॅमेऱ्यांवरची रेती त्यांनी रुमालाने सावकाश पुसली आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले.

"सकाळी तुला दहादा टोकणार होतो, पोरी. दुपारी तू बघत होतीस... मध्ये बोलायची हिंमत झाली नाही."