चाळीस घोड्यांची तोंडं

“म्हणजे अजून राहिलंय तरी काय, सर?”

हेरंबने ट्रे टेबलावर आदळलाच. त्यात बोटाएवढे चाळीस घोडे होते, प्रत्येकाच्या पाठीवर स्वार. ही तिसरी खेप. साताऱ्यात पोतनीस सरांच्या माडीवर आम्ही अशा चिमुकल्या फौजा मांडून टेबलावर लढाया खेळतो. रंगकाम सरांकडूनच शिकायचं, आणि ते ‘चालेल’ म्हणेपर्यंत कुणाचंही घोडदळ पटावर उतरत नाही. हेरंबची पहिली लढाई रविवारी, म्हणजे चार दिवसांवर आली होती.

सर चष्मा पुसत होते. त्यांचं हे चष्मा पुसणं म्हणजे डोक्याला ताप.

“पहिल्यांदा म्हणालात, अजून नाही. मी डोळे परत रंगवले. दुसऱ्यांदा तेच. मग नाकपुड्या केल्या, एका केसाच्या ब्रशने. मान आखडली माझी. चूक काय ते एकदा सांगून टाका ना.”

सरांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

“सर.”

“मांड,” सर म्हणाले. “तू तिकडून, मी इकडून.”

हेरंबने फौज मांडली. सगळ्यांची तोंडं सरांकडे. मग तो आपल्या खुर्चीत टेकला.

त्याच्या बाजूने दिसत होती ती चाळीस ढुंगणं. शेपट्या नुसत्या काळ्या रंगात बुडवून काढलेल्या. काहींवर तर अस्तराचा करडा रंग तसाच. मागून कोण बघतंय, असं गेल्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता.

समोरून सर वाकून बघत होते.

“डोळे सुरेख उतरलेत रे. तो कडेचा पांढरा तर माझ्यावर डाफरतोय.”

“मला कुठे दिसतोय?” हेरंब वैतागला. “तीन महिने घातलेत मी यात.” आणि हात लांब करून त्याने तो पांढरा घोडा आपल्याकडे वळवला.

सरांनी तो उचलला आणि पेटीत ठेवून दिला.

“अहो, का?”

“शत्रूला पाठ दाखवली. पळाला.”

नियमच आहे तसा, आणि हेरंबला तो तोंडपाठ होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मला तर दोघांचाही राग आला, सर सरळ सांगत नाहीत म्हणून आणि हा मागून बघत नाही म्हणून.

“मग रविवारी… आणू की नको?”

“आण की.” सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “फक्त तोंडं बघायची असली, तर शत्रूच्या बाजूला येऊन बस.”