फुलचुकीचा कापूस आणि रुमलीचं धनुष्य

एक होती फुलचुकी. पाखरू जांभळाएवढं, पण बडबड भोपळ्याएवढी!

फुलचुकीला घालायचं होतं अंडं. अंड्याला हवी मऊ मऊ गादी. म्हणून तिनं सावरीच्या झाडाचा कापूस आणला. पांढरा पांढरा, चिमूटभर. झाडावरचा अगदी शेवटचा!

वाटेत लागलं आज्याचं अंगण. अंगणात होतं लाकडी धनुष्य. नवं नवं, अर्धं झालेलं. फुलचुकी त्यावर जरा टेकली. आणि काय झालं? कापूस लाकडाच्या कुसळात अडकला!

ओढला, निघेना. पुन्हा ओढला, तरी निघेना. फुलचुकीला रडूच आलं.

"धनुष्या, धनुष्या, कापूस सोड!"

"सोडेन की! पण माझं अंग खरखरीत. काचकागदानं घासलं, तर सोडेन."

फुलचुकी निघाली. भुर्र, चिक चिक!

काचकागद ठोकळ्याला लपेटून ऊन खात पडला होता.

"काचकागदा, काचकागदा, धनुष्य घास!
धनुष्य कापूस सोडेना!"

"घासेन की! पण धनुष्य डुगडुग हलतं. शिकंज्यानं धरलं, तर घासेन."

भुर्र, चिक चिक!

शिकंजा आज्यानं घरीच केलेला. दोन फळ्या, मध्ये फट.

"शिकंज्या, शिकंज्या, धनुष्य धर!
काचकागद धनुष्य घासेना,
धनुष्य कापूस सोडेना!"

"धरेन की! पण माझी पकड सैल. पाचर फटीत बसली, तर धरेन."

भुर्र, चिक चिक!

पाचर म्हणजे लाकडाचा निमुळता तुकडा. दिसायला एवढीशी, पण नाक वर!

"पाचरबाई, पाचरबाई, फटीत बस!
शिकंजा धनुष्य धरेना,
काचकागद धनुष्य घासेना,
धनुष्य कापूस सोडेना!"

"बसेन की! पण अशी कशी बसू? मोगरीनं ठोकलं, तर बसेन."

भुर्र, चिक चिक!

मोगरी म्हणजे लाकडी हातोडी. डोकं मोठं, दांडा छोटा.

"मोगरीबाई, मोगरीबाई, पाचर ठोक!
पाचर फटीत बसेना,
शिकंजा धनुष्य धरेना,
काचकागद धनुष्य घासेना,
धनुष्य कापूस सोडेना!"

"ठोकेन की! पण मला कुठं आहेत पाय? आज्यानं उचललं, तर ठोकेन."

भुर्र, चिक चिक!

आजा बसला होता ओट्यावर.

"आजा, आजा, मोगरी उचल!
मोगरी पाचर ठोकेना,
पाचर फटीत बसेना,
शिकंजा धनुष्य धरेना,
काचकागद धनुष्य घासेना,
धनुष्य कापूस सोडेना!"

"उचलेन की गं बाय! पण ही बघ माझी नात, रुमली. मांडीवर रुसून बसलीया. ती हसली, तर उचलेन."

रुमलीचे गाल फुगले होते टम्म!

"रुमले, रुमले, हस ना!
आजा मोगरी उचलेना,
मोगरी पाचर ठोकेना,
पाचर फटीत बसेना,
शिकंजा धनुष्य धरेना,
काचकागद धनुष्य घासेना,
धनुष्य कापूस सोडेना!"

"नाही हसणार, जा! माझं धनुष्य हाताला टोचतं. आधी गुळगुळीत करा, मग हसेन."

अरे देवा! धनुष्य गुळगुळीत झालं, तर रुमली हसणार. रुमली हसली, तर धनुष्य गुळगुळीत होणार. आता हो?

ऊन उतरलं. पोटातल्या अंड्याला झाली घाई. फुलचुकी घाबरली. तिनं डोळे मिटले, मोठ्ठा श्वास घेतला आणि भरभर भरभर बोलत सुटली,

"रुमले, रुमले, हस ना!
मोगरी आज्याला उचलेना,
पाचर मोगरीला ठोकेना,
फट पाचरीत बसेना,
धनुष्य शिकंज्याला धरेना,
काचकागद आज्याला घासेना,
कापूस धनुष्याला सोडेना! हुश्श!"

"अगं येडे!" रुमली म्हणाली. "मोगरी आज्याला कशी उचलेल?"

आणि रुमली हसली! खुदुखुदु, खुदुखुदु, पोट धरधरून.

रुमली हसली, तसा आजा उठला.
आज्यानं मोगरी उचलली, हुप्प!
मोगरीनं पाचर ठोकली, ठाक ठाक!
पाचर फटीत बसली, गच्च!
शिकंज्यानं धनुष्य धरलं, घट्ट!
काचकागदानं धनुष्य घासलं, खसर खसर, खसर खसर!

भुसा उडाला भुरभुर. भुसा गेला आज्याच्या नाकात. आ... आ... आक्छी!

कापूस उडाला वर! फुलचुकीनं तो चोचीत झेलला आणि भुर्रकन निघाली घरट्याकडे.

रुमलीनं धनुष्यावरून हात फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुठ्ठे कुठ्ठे टोचलं नाही!

सकाळी रुमली फुलचुकीच्या झाडाखाली आली. खांद्यावर धनुष्य. वर घरट्यात मऊ मऊ गादी. गादीवर पांढरं अंडं. अंड्यावर फुलचुकी.

"फुलचुके, फुलचुके, कालचं ते पुन्हा म्हण ना!"

फुलचुकी हळूच म्हणाली, "श्श्श! म्हणेन की! पण अंड्यात बाळ झोपलंय. ते बाहेर आलं, तर म्हणेन."

रुमली खाली बसली. गुळगुळीत धनुष्य घेतलं मांडीवर. आणि वाट बघत राहिली, अगदी गुपचूप.