गायब चिरोटे

"नव्या सुनेच्या हाताला चव म्हणून नाही," आत्याबाई माजघरात हळूच म्हणाल्या. आत तळणीपाशी केतकीने ते ऐकलं आणि पुढचा चिरोटा तेलात सोडला.

लक्ष्मीपूजनाला नैवेद्यासाठी डबा उघडला, तर चार चिरोटे गायब.

"देवाच्या आधी कुणाला डोहाळे लागले?" आत्याबाईंनी केतकीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

तेवढ्यात जावेची तीन वर्षांची इरा उड्या मारत आली. "आत्याआजीने खाल्ले! मला पण दिला. म्हणाली, मस्त झालेत, कुणाला सांगू नको. मी नाही सांगितलं."

"पोरीचं काय ऐकता?" आत्याबाई लालेलाल झाल्या.

केतकी पहिल्यांदाच बोलली, "खरंच, तिचं ऐकू नका. माझ्या हाताला चव नाही, हे आत्याच परवा सांगत होत्या. त्या कशाला माझे चिरोटे चोरून खातील?"