बर्नबा आणि चर्चचा कॅमेरा

एका गावात बर्नबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. चर्च झाडायचं, बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची, हे त्याचं काम. पाळकसाहेब सांगतील ते तो करायचा. अगदी सांगतील तेच करायचा.

गावातली तरुण पोरं नोकरीसाठी लांब गेली होती. काही म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली होती. त्यांनाही आपापल्या फोनवर थेट उपासना दिसावी म्हणून चर्चच्या मंडळीनं एक मोठा मोबाईल घेतला आणि तीन पायांच्या स्टँडवर बसवला. सगळे त्याला कॅमेराच म्हणत. तो सांभाळायचं कामही बर्नबाकडेच आलं.

पहिल्याच रविवारी प्रवचनात लोकांचे फोन वाजायला लागले. पाळकसाहेब वैतागले. बर्नबाला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी इथं जे वाजेल ते बंद करायचं."

पुढच्या रविवारी बर्नबानं घंटेत टॉवेल कोंबला. पहिलं गीत सुरू झालं तसं जाऊन पेटीचं झाकण लावलं. पेटीवाल्याची बोटं आतच होती.

पाळकसाहेबांनी त्याला समजावलं. देवासाठी जे वाजतं ते बंद करायचं नाही. उलट त्याला माईक लावायचा.

बर्नबानं ते नीट लक्षात ठेवलं. त्यापुढच्या रविवारी मंडळीचे सीमोन पंच पहिल्या बाकावर बसले होते. आपलं सगळं आयुष्य देवासाठी आहे, असं ते येईल त्याला सांगत. प्रवचन सुरू झालं आणि पंच घोरायला लागले. बर्नबानं माईक उचलला आणि पंचांच्या नाकाशी धरला. ते घोरणं ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या नातवंडांनीसुद्धा ऐकलं.

पंच चिडले. यापुढं मी घरूनच उपासना बघेन, म्हणाले. धडधाकट माणसालाही घरून बघता येते हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवडाभरात सगळ्यांच्या आलं.

पाळकसाहेब बर्नबाला रागावले, पण फार नाही. म्हणाले, "अरे, एकाच माणसाच्या मागं लागू नये. मंडळी असेल तिकडं कॅमेरा न्यावा."

पुढच्या रविवारी घंटा वाजली, पण चर्चमध्ये आल्या एकट्या राहेलआजी. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्याकडे मोबाईलही नव्हता. बाकी सगळी बाकं रिकामी. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. बिशपसाहेबांनी मागेच बजावलं होतं, मंडळी अशीच घटत गेली तर तुमची बदली करावी लागेल.

बर्नबानं विचारलं, "साहेब, मंडळी कुठंय?"

"घरी आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. प्रभू, ही बाकं भर. प्रार्थना लांबत गेली.

बर्नबानं कॅमेरा स्टँडसकट खांद्यावर घेतला आणि मंडळीकडे निघाला.

सीमोन पंच बनियनवर पलंगात आडवे होते. फोन छातीवर, तोंड उघडं. बर्नबानं त्यांना पोटभर दाखवलं. मग तो सुलोचनाबाईंकडे गेला. त्या चर्चमध्ये गीतं सुरू करून द्यायच्या. घरी त्या सुपात सुकट घेऊन निवडत होत्या आणि सुनेच्या माहेरचा उद्धार करत होत्या. समोर फोनवर कुणीतरी सुकट निवडताना दिसलं. सुकट बरी दिसतेय, असं त्यांना वाटलं. मग हातातल्या बांगड्या ओळखीच्या वाटल्या. पलीकडे मंडळीचे सेक्रेटरी अर्ध्या डोक्याला काळा रंग लावून बसले होते.

घराघरातून आरडाओरडा झाला. ज्यांच्याकडे बर्नबा जाऊन आला ते चिडून धावले. ज्यांच्याकडे अजून गेला नव्हता ते घाबरून धावले. कॅमेरा काढून घ्यायला सगळं गाव आपल्या मागं लागलंय, हे बर्नबाच्या लक्षात आलं. तो पळत चर्चमध्ये शिरला. त्याच्यामागून सगळे शिरले. आत पाळकसाहेबांची प्रार्थना चाललेली पाहून सगळे गपकन बाकांवर बसले आणि माना खाली घातल्या.

पाळकसाहेबांनी आमेन म्हणून डोळे उघडले. बाकं भरली होती. कुणी लुंगीवर, कुणी अर्धं काळं, सुलोचनाबाईंच्या मांडीवर सुकटीचं सूप. पाळकसाहेबांना ते काही दिसलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले. प्रवचनाला उभं राहण्याआधी ते बर्नबाच्या कानाशी वाकले.

"बर्नबा, आता या मंडळीला परत घरी जाऊ द्यायचं नाही."

बर्नबानं मान हलवली. बाहेर येऊन त्यानं दोन्ही दारांना कुलूप लावलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि चार दिवस बहिणीकडे राहायला गेला.