एका पळीची पंगत

कडेगिरी संस्थानात विलायतेहून शिकून आलेले नवे दिवाण रुजू झाले, रावबहादूर सबनीस. आठवड्याच्या आत त्यांनी महाराजांपुढे हुकूम ठेवला: दरबारी मराठी बंद, सगळा कारभार इंग्रजीत.

"इंग्रजांचं नुसतं 'गेट' हे क्रियापद बघा, सरकार. उठायचं, मिळवायचं, पोचायचं, आजारी पडायचं, लग्न करायचं, सगळीकडे तो एकच शब्द चालतो. मराठीत दर कामाला वेगळा. गबाळा कारभार."

या हुकमाने बारा कारकून घरी बसणार होते. महाराजांनी म्हाताऱ्या चिटणिसांकडे, केसोपंतांकडे पाहिलं. पंतांनी हात जोडले. "सरकार, शिक्का जेवणानंतर मारावा, एवढीच विनंती."

दुपारी पंगत बसली, तेव्हा दिवाणांना वाढायला पंत स्वतः उभे राहिले. हातात एकच पळी. तिनेच त्यांनी लोणच्याचा खार वाढला, तिनेच झणझणीत आमटी वाढली, आणि तीच पळी न धुता बासुंदीत बुडवून दिवाणांची वाटी भरली.

एका घोटातच दिवाणांनी वाटी आदळली.

"पंत, अक्कल गहाण टाकलीत का? एवढ्या मोठ्या मुदपाकखान्यात दुसरी पळी नाही?"



"आहेत की," पंत शांतपणे म्हणाले. "दर पदार्थाला वेगळी पळी आहे. पण दिवाणसाहेब, तो गबाळा कारभार."

महाराजांनी मिशीतलं हसू दाबलं आणि शिक्का पेटीत ठेवायला सांगितला.