नावाड्याचे भय

फार पूर्वी शंखपुरात अरिंदम राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने तेथल्या एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल.

नगराला लागून एक अथांग सरोवर होते. पलीकडचे गाव नावेने अर्ध्या दिवसावर. काठाकाठाने चालत जायचे तर चार दिवस लागत. सोमिलाने चाळीस वर्षे त्या पाण्यावर नाव चालवली. आता त्याचे खांदे दुखत, आणि सकाळी नाव पाण्यात ढकलण्याआधी तो बराच वेळ काठावर नुसता बसून राही. लोक म्हणत, म्हातारा थकला. थकला होता हे खरेच. पण त्याला अंगमेहनतीपेक्षा एका गुपिताने अधिक थकवले होते. विशीत असताना त्याचा थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. तेव्हापासून त्याला खोल पाण्याचे भय वाटे. नाव मधोमध आली की त्याचे हात गार पडत. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. भिणाऱ्या नावाड्याच्या नावेत कोण बसेल?

एके दिवशी सकाळी त्याची नाव माणसांनी भरली होती. इतक्यात चित्रा नावाची सुईण घाटावर धावत आली. तिची लेक पलीकडच्या गावी दिली होती. निरोप आला होता, की मूल आडवे आले आहे आणि तिथल्या सुईणींनी हात टेकले आहेत. आडवे मूल फिरवण्याची हातोटी त्या मुलखात एका चित्रेलाच होती. पण तिची आई याच सरोवरात नावेतून बुडाली होती, आणि चित्रेने जन्मात नावेत पाय ठेवला नव्हता. ती घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच थिजली.

नावेतल्या लोकांनी तिला धीर दिला. पाणी शांत आहे, काही होत नाही, डोळे मिटून बस, असे जो तो म्हणू लागला. शेजारच्या नावेतला गवल नावाचा तरुण नावाडी हसून म्हणाला, की आपल्याला तर हे सरोवर अंगणासारखे वाटते. चित्रेने कोणाकडेच पाहिले नाही. ती सोमिलाला म्हणाली,

"दादा, माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं. तुम्ही खरं सांगा. तुम्हाला भीती वाटत नाही?"

सोमिलाने भरलेल्या नावेकडे पाहिले. नाही म्हणणे सोपे होते. चाळीस वर्षे तो न बोलता तेच म्हणत आला होता. पण समोरची बाई त्या एका शब्दावर आपला जीव ठेवू पाहत होती, आणि खोट्या शब्दावर तो ठेवून घेणे त्याला जमेना.

"वाटते, बाई," तो म्हणाला. "रोज वाटते. मधोमध दोर सोडला तर तळ लागत नाही. तिथे माझे हात गार पडतात. मी वल्हे मारत राहतो, एवढेच."

नावेत कुजबुज झाली. एकेक जण उतरला आणि गवलाच्या नावेत जाऊन बसला. सोमिलाने कोणाला अडवले नाही. नाव रिकामी झाली तेव्हा चित्रा पायरीवरून नावेत उतरली आणि त्याच्या समोर बसली.

वाटेत तिला दोनदा ओकारी झाली. मध्यावर वारा सुटला, तेव्हा तिने विचारले, "आता?"

"आता गार पडलेत," सोमिल म्हणाला.

तिने त्याच्या हातांकडे पाहिले. ते वल्हे मारीत होते. काठ लागेपर्यंत तिने त्यांवरून नजर काढली नाही.

दिवेलागणीच्या आत चित्रेने मूल फिरवले. ते बऱ्याच वेळाने रडले, पण रडले, लेकही वाचली. महिन्याभराने चित्रा घरी निघाली ती काठाकाठाने, चार दिवसांच्या वाटेने. सोमिलाला हे कळले तेव्हा त्याला वाईट वाटले नाही. एकदा पुरे होते.

घाटावरचे धट्टेकट्टे लोक पुढे गवलाकडेच जाऊ लागले. सोमिलाच्या नावेत बसत ते भिणारे. त्यांना नावेत उतरवून घ्यायला वेळ लागे, मध्यावर बोलत राहावे लागे. काम वाढले, खांदे अधिक दुखू लागले. तरी सकाळी काठावर बसून राहणे त्याने सोडून दिले.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा भिक्षुसंघाचे गुरू, शास्ते, सांगत होते. ती संपवून ते भिक्षूंना म्हणाले, "आज नदी ओलांडताना जी वृद्ध भिक्षुणी सर्वांच्या मागे राहिली, तीच त्या जन्मी चित्रा होती. तिला हसलेला तरुण भिक्षू हा गवल. आणि सोमिल तो मीच. भय मला त्या जन्मी जिंकता आले नाही. मी फक्त खरे बोललो. बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणाला पारमिता म्हणतात; त्या पारमितेचे नाव सत्य."