मचव्याच्या पाठीवरची पाटी

त्या राज्यात जमीन होती ती काठापुरतीच, बाकी फक्त एक नदी होती आणि ती एकाच दिशेला वाहत होती. नदीवर होड्या आणि मचवे राहत. त्यांना वल्हवणारं कोणी नव्हतं. ते आपली वल्ही आपणच मारत, संसार करत, आणि म्हातारे झाले की तळाशी जाऊन निजत. पाणी आपल्याला पुढून अडवतं, असं तिथे सगळेच मानत. म्हणून जो तो आपलं नाक तासून टोकदार करून घेई. आणि ज्याने काही कमावलं असेल, त्याच्या पाठीला एक रुंद, सपाट पाटी ठोकली जाई. तिच्यावर त्याच्या पदव्या कोरत. मागून येणाऱ्यांना त्या वाचता याव्यात, एवढाच हेतू.

सगळ्यात रुंद पाटी गदाधर मचव्याची होती. पाणी कसं कापावं यावर त्याने तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता, आणि राज्यातली सगळी नाकं त्याच ग्रंथाबरहुकूम तासली जात. तरी एकेक वाक्य लिहून झालं की ते चुकलं असेल, अशी धास्ती त्याला वाटे. धीर येई तो एकाच गोष्टीने. तो घाटावरून निघाला की लहानमोठ्या होड्या काठाला सरत आणि खाली-वर लवून त्याला नमस्कार करत. उगाच का कोणी एवढं लवतं, असं तो स्वतःला समजावी.

एका सकाळी खंड्या पक्षी निरोप घेऊन आला. खिंडीपलीकडच्या वरच्या डोहात गदाधरची धाकटी बहीण सगुणा राहत होती.

"सगुणाताईंचा तळ गळतोय," खंड्या म्हणाला. "त्यांचा काठ पाण्याच्या वर बोटभर उरलाय. म्हणाल्या, दादाला सांग, ग्रंथ पुरा झाला असेल तर ये. नसला झाला तरी ये."

"किती दिवस आहेत?"

"दोन. फार तर तीन."

बारा वर्षांत गदाधर खिंड चढू शकला नव्हता. दर वेळी प्रवाह त्याला मागे लोटी, आणि दर वेळी परत येऊन तो नाक आणखी तासून घेई नि ग्रंथाला एक परिशिष्ट जोडी. आताही तो तडक भिवबा सुतारपक्ष्याकडे गेला.

"आणखी टोक?" भिवबा म्हणाला. "पंडितजी, लाकूड उरलंय कुठे? सुई झालीय नाकाची."

"मग सुईला धार लाव."

धार लावलेल्या नाकाने गदाधर खिंडीत शिरला. अर्ध्या वाटेवरच्या काळ्या खडकापर्यंत पोचला, तिथे प्रवाहाने त्याला फिरवलं, आणि नाकाचं हातभर टोक खडकावर आपटून कडकन मोडलं. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून मोडक्या नाकानेच त्याने पुन्हा वल्ही मारली. पुन्हा तो नेमका त्याच खडकापर्यंत पोचला. बोटभर अलीकडे नाही, बोटभर पलीकडे नाही.

दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून परतला असता. गदाधर विचारात पडला. टोक होतं तेव्हा इथवर, टोक गेलं तरी इथवर. मग टोक इतकी वर्षं करत काय होतं? या प्रश्नाने त्याच्या तळापर्यंत गारठा गेला.

तेवढ्यात बाजूने एक रोहू मासळी वर निघाली. तोंड बोथट, पोट भरलेलं, घाई कसली म्हणून नाही.

"अगं, थांब! असलं तोंड घेऊन तू खिंड चढतेस कशी?"

"तोंडाला काय धाड भरलीय, आजोबा?" रोहू हसली. "तोंडाला पाणी वाट देतंच. मागे ते नीट मिटलं पाहिजे. जरा वळून बघा की!"

मागे बघण्याची त्या राज्यात रीत नव्हती. गदाधरने आयुष्यात पहिल्यांदा वळून पाहिलं. त्याच्या दोन्ही कुशींवरून आलेलं पाणी पाटीच्या कडेशी येऊन एकदम निराधार होत होतं. त्याचे पांढरे भोवरे होत होते आणि ते भोवरे त्याची पाठ धरून मागे ओढत होते. दूर काठाशी होड्या त्याच्या लाटांनी अजून खाली-वर होत होत्या, झाडांची मुळं गच्च धरून, डोळे मिटून.

एक चिमुकली होडी ओरडली, "गेले का गं पंडितकाका? सोडू का मूळ?"

गदाधर घाटावर परतला तो थेट भिवबाकडे गेला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"पाटी काढ."

"काढू? अहो, मग तुम्ही कोण ते लोकांना कळायचं कसं?"

"तिच्याच फळ्या करून माझी पाठ निमुळती कर. रोहूच्या शेपटीसारखी."

"पण ग्रंथात तुम्हीच तर..."

"ग्रंथ चुकला असेल, भिवबा. किंवा रोहू चुकली असेल. मला खात्री नाही. मला कशाचीच कधी नसते. पण सगुणाकडे दोनच दिवस आहेत."

भिवबा दिवसभर टोचत राहिला. पदव्यांची अक्षरं फळ्यांच्या आतल्या अंगाला गेली.

दुसऱ्या दिवशी गदाधर निघाला तेव्हा कोणी काठाला सरलं नाही, कोणी लवलं नाही. 'एका दिवसात विसरले?' त्याच्या म्हाताऱ्या छातीत बारीकशी कळ आली. मग त्याच्या लक्षात आलं, कालची ती चिमुकली होडी अगदी त्याच्या पाठीला लागून, बडबड करत खिंडीच्या तोंडापर्यंत सोबत आली होती.

खिंडीत विशेष काही घडलं नाही. मोडक्या नाकाशी पाणी दुभंगलं, कुशींवरून सरकत मागे गेलं, तिथे एकमेकाला भेटलं, आणि भेटता भेटता त्याच्या पाठीला हलकासा रेटा देऊन गेलं. काळा खडक मागे पडला.

दुपारी तो वरच्या डोहात शिरला. सगुणा एका जांभळीच्या मुळाशी डोळे मिटून पडली होती. बोटभर काठ आता सुताएवढा राहिला होता. पाणी त्याच्या कडेशी नुसतं टेकून उभं होतं. एक लाट, अगदी लहानशी, पुरली असती.

गदाधरला आपलं बारा वर्षांपूर्वीचं, पाटी अजून अरुंद होती तेव्हाचं येणं आठवलं. त्याच्या येण्याने सगळा डोह हिंदकळे, सगुणा मुळांवर आपटे आणि हसत ओरडे, "आला गं बाई दादा!" त्याने घाबरून वल्ही उचलली. पण वेग अंगात होता, थांबायला उशीर झाला होता. तो सरकत तिच्याकडे निघाला.

"कोण?" सगुणाने डोळे न उघडता विचारलं.

"मी. दादा."

"चल, थापा नको मारूस. दादा येतो तेव्हा मला आधीच कळतं."

तो तिच्या कुशीला कूस लावून थांबला. तिने डोळे उघडले आणि त्याला न्याहाळलं.

"नाक कुठे टाकून आलास रे?"

तिच्या काठाच्या त्या सुताएवढ्या कोरड्या लाकडावर एक चतुर बसला होता. गदाधरच्या मागून आलेलं शेवटचं पाणी तिथवर पोचलं, लाकडाखाली टेकलं आणि मिटलं. चतुर पंख पसरून तसाच उन्हात बसून राहिला.